पोलिसांची नोटीस आली: अटकपूर्व घ्यावा की हजर व्हावं?

नोटीस आली की घरात पहिला शब्द निघतो तो ‘अटकपूर्व’, म्हणजे अटक होण्याआधीच घेतलेला जामीन. थोडं थांबा. आधी नोटिशीवरचं कलम वाचा आणि त्याला जास्तीत जास्त शिक्षा किती आहे ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. पोलिसांसमोर हजर राहण्याची जुन्या कलम ४१अ ची नोटीस आता कलम ३५(३) खाली येते आणि अटकपूर्व जामीन कलम ४८२ खाली मिळतो. शिक्षा सात वर्षांपर्यंतची असेल, उदाहरणार्थ भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८(४) ची, आणि हातात ३५(३) ची नोटीस असेल, तर माझं मत हजर होण्याच्या बाजूने आहे. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. अर्नेश कुमार (२०१४) आणि सत्येंदर कुमार अंतिल (२०२२) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी हे पक्कं केलं आहे. जाताना कागदपत्रांच्या प्रती न्या आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. नुसती व्हॉट्सॲपवर आलेली नोटीस सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अमान्य ठरवली आहे. तरी गप्प बसू नका, वकिलामार्फत लेखी कळवा.

अटकपूर्वला खर्च येतो आणि सरकारी पक्षाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, येईपर्यंत तारखाही पडतात. अर्ज फेटाळला गेला तर तो आदेश पुढे आडवा येतो. पण कलम जड असेल, नोटीस न येता थेट गुन्हा दाखल झाला असेल किंवा आधीचे गुन्हे असतील, तर एक दिवसही दवडू नका. अर्जासोबतच अंतरिम संरक्षण, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंत अटक न होण्याचा आदेश, मागा. मिळालेला अटकपूर्व सहसा खटला संपेपर्यंत टिकतो (सुशीला अग्रवाल, २०२०). ॲट्रॉसिटीच्या (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या) गुन्ह्यात मात्र त्या कायद्याचं कलम १८ अटकपूर्वच्या आडवं येतं. नवी मुंबईकरांनी आणखी एक बघावं: वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात आहेत, खारघर-कामोठे रायगडात. पोलीस आयुक्तालय एकच असलं तरी खारघरच्या गुन्ह्याचा अर्ज ठाण्याच्या सत्र न्यायालयात चालत नाही.

अटक झालीच तर कारणं लेखी, कळेल त्या भाषेत मिळाली का ते आधी विचारा. वरळीच्या हिट अँड रन प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ती रिमांडला, म्हणजे कोठडीसाठी कोर्टापुढे, नेण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत.

मग अटकेनंतर मागायचा नियमित जामीन, की दोषारोपपत्र मुदतीत न आल्याने मिळणारा डिफॉल्ट जामीन? नुसत्या डिफॉल्टच्या आशेवर माणूस आत ठेवू नका. नियमितचा अर्ज करा आणि दिवसही मोजत राहा. मुदत साधारण ६० दिवसांची, दहा वर्षं किंवा त्याहून जड शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांची. मोजणी अटकेपासून होत नाही, पहिल्या रिमांडपासून होते आणि तो दिवसही धरायचा. रिमांड १ मार्चला झाला तर साठावा दिवस २९ एप्रिल. ३० एप्रिलला कोर्ट उघडताच अर्ज आत गेला पाहिजे, कारण दोषारोपपत्र आधी दाखल झालं तर हक्क गेला.

जामीन मंजूर झाल्यावरही जामीनदाराच्या ऐपतदाखल्यासाठी (आर्थिक ऐपतीच्या दाखल्यासाठी) तहसील कार्यालयात दिवस जातात. म्हणून त्याच सुनावणीत तात्पुरता रोख जामीन मागून घ्या आणि जामीनदाराची कागदपत्रं नंतर सादर करा.