वनस्पतिनामांचा मोबाइल-कोश: फोड चोख, उगम अर्धवट

वनस्पतींच्या शास्त्रीय नावांचा अर्थ आणि उगम सांगणारे एक इंग्रजी मोबाइल अ‍ॅप मी बऱ्याच काळापासून नियमित वापरत आहे. त्याची मांडणी साधी आहे. शोधपेटीत नाव टाकले की प्रजातीचे (जीनसचे) नाव आणि त्यातील नेमकी जात दाखवणारे जातिविशेषण वेगळे होतात, आणि प्रत्येकाखाली मूळ भाषा, अर्थ व थोडे स्पष्टीकरण येते. १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या ‘स्पिशीज प्लँटारम’ या ग्रंथाने रूढ केलेल्या द्विनाम पद्धतीला ही मांडणी अगदी साजेशी आहे.

अ‍ॅपची खरी ताकद शब्दार्थ झाडापर्यंत नेऊन भिडवण्यात आहे. पळसाच्या ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ या नावातील पहिले पद अठराव्या शतकातील ब्यूटचे अर्ल जॉन स्टुअर्ट यांच्यावरून आले आणि दुसऱ्याचा अर्थ एकबीजी, एवढे कोणताही कोश सांगेल. येथे मात्र त्याखाली पळसाच्या शेंगेचे छायाचित्र आहे, ज्यात चपट्या, कागदासारख्या पातळ शेंगेच्या टोकाशी एकच बी फुगलेले स्पष्ट दिसते. तेरड्याच्या ‘इम्पेशन्स’ या नावाचा अर्थ ‘उतावीळ’, आणि शेजारी पिकलेल्या बोंडाला बोट लागताच ते फुटून बिया उडतानाची छोटी चित्रफीत. ‘बौहिनिया’ हे आपटा-कांचनाच्या प्रजातीचे नाव योहान आणि कास्पर या वनस्पतिशास्त्रज्ञ बौहिन बंधूंवरून पडले. पानाचे दोन जुळे खंड या दोन भावांशी जोडून दाखवले आहेत, आणि एकदा वाचले की हे नाव पुन्हा पाठ करावे लागत नाही.

व्याकरणाचा विभागही अनपेक्षितपणे चांगला आहे. ‘फायकस’ हे नाव दिसायला पुल्लिंगी असूनही पिंपळ ‘फायकस रिलिजिओसा’ का, ‘रिलिजिओसस’ का नाही, याचे उत्तर येथे नेमके मिळते: लॅटिनमध्ये वृक्षांची नावे परंपरेने स्त्रीलिंगी मानली जातात, आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. (मराठीत पिंपळ पुल्लिंगी असल्याने आपल्याला हे जरा जास्तच खटकते.) उच्चारांच्या ध्वनिफिती ठीक आहेत, त्याहून अधिक सांगण्यासारखे त्यांत काही नाही.

उगमाच्या बाबतीत मात्र अ‍ॅप घाई करते. आंब्याच्या ‘मँजिफेरा’ या नावापुढे मूळ भाषा म्हणून सरळ ‘लॅटिन’ असे लिहिले आहे. त्यातील ‘धारण करणारा’ या अर्थाचा उत्तरभाग तेवढा लॅटिन. पूर्वभाग दक्षिण भारतीय भाषांतून पोर्तुगीजमार्गे युरोपात गेलेला आहे. सागाच्या ‘टेक्टोना’ची व्युत्पत्ती केवळ सुतार या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून दिली आहे, आणि मल्याळम ‘तेक्कु’ व त्यावरून आलेल्या पोर्तुगीज ‘तेका’चा उल्लेखच नाही. दोन व्युत्पत्ती प्रचलित असतील तर दोन्ही द्याव्यात, ही कोशाकडून असलेली किमान अपेक्षा आहे. एकच देऊन ती निर्विवाद असल्यासारखी मांडणे हा दोष मला गंभीर वाटतो.

स्थलवाचक विशेषणांत हा दोष वाचकाची सरळ दिशाभूल करतो. ‘हिबिस्कस सिरियाकस’ आणि ‘अ‍ॅस्क्लेपियस सिरियाका’ या दोन्हींखाली ‘सिरियातील’ एवढाच अर्थ आहे, जेव्हा पहिली वनस्पती मूळची पूर्व आशियातील आणि दुसरी उत्तर अमेरिकेतील आहे. ‘सिला पेरुवियाना’ पेरू देशाची नसून भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातील आहे. शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी बरोबर आहे, पण नाव देणाऱ्याचा समज आणि वनस्पतीचे खरे मूळस्थान यांतली तफावत सांगणारी एक ओळ नसल्याने विद्यार्थी चुकीचा भूगोल शिकतो. नाव चुकीच्या समजातून पडले असले तरी केवळ त्या कारणासाठी ते बदलता येत नाही, हा नियमही येथेच सांगायला हवा होता.

माहिती अद्ययावत ठेवण्याकडेही दुर्लक्ष झालेले आहे. प्रस्तावनेत नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्येच करावे लागते असे म्हटले आहे, परंतु १ जानेवारी २०१२ पासून ते इंग्रजीतही चालते. २०२४ मध्ये माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ‘काफ्रा’ हे अपमानास्पद मुळाचे विशेषण बदलून ‘आफ्रा’ करण्याचा निर्णय झाला. अ‍ॅपमधील पांगाऱ्याच्या आफ्रिकी भाईबंदाच्या, म्हणजे ‘एरिथ्रिना काफ्रा’च्या नोंदीत त्याचा मागमूस नाही.

वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आणि हौशी बागकाम करणाऱ्याला मी हे अ‍ॅप निःसंकोच सुचवेन, मात्र लेखात व्युत्पत्तीचा हवाला देण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये. शोधपेटीही सुधारायला हवी, कारण ती स्पेलिंगमधील एका अक्षराचा फरक खपवून घेत नाही. अमेरिकी डॉक्टर कास्पर विस्टार यांच्यावरून ठेवलेल्या ‘विस्टेरिया’ या वेलीच्या नावाला ‘विस्टारिया’ असेही बरेच लोक लिहितात, आणि तसे टाकल्यास अ‍ॅप ‘नोंद आढळली नाही’ एवढे सांगून थांबते.