नोकरी करत हेल्थ इकॉनॉमिक्सची मास्टर्स: निम्मा कोर्स झाल्यावर

पुण्यातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलच्या औषधखरेदी विभागात मी काम करते. शिक्षण बी. फार्म. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाच्या ऑनलाइन, पार्ट-टाइम एमएस्सीला प्रवेश घेतला आणि आता निम्म्याच्या पुढे आले आहे. फार्मसीतली मुलंमुली "घ्यावा का हा कोर्स?" असं सारखं विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत असं: जरूर घ्यावा. पण सगळा कोर्स ब्रिटनच्या आकड्यांवर उभा आहे. भारताची बाजू आपण स्वतः जोडत गेलो नाही, तर पदवी मिळेल आणि इथल्या कामात तिचा उपयोग थोडाच होईल.

आधी वेळेचं बोलू. ब्रिटिश एमएस्सी 180 क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटमागे साधारण 10 तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे 1800 तास. तीन वर्षांत विभागले तरी आठवड्याला 11-12 तास, सुट्ट्या न धरता. हा आकडा खरा आहे, जाहिरातीपुरता नाही. तिकडे संध्याकाळी पाचचा सेमिनार म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. घरच्यांशी आधी नीट बोलून घ्या. 60 क्रेडिटनंतर सर्टिफिकेट आणि 120 नंतर डिप्लोमा घेऊन थांबता येतं, ही सोय मला फार महत्त्वाची वाटते.

पहिला विषय अर्थशास्त्राचा. केनेथ ॲरोचा 1963 चा निबंध तिथेच वाचला. आजार कधी येईल हे माहीत नसतं, आणि उपचार कोणता हवा हे पेशंटपेक्षा डॉक्टरला जास्त कळतं, म्हणून आरोग्यसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, हा त्याचा गाभा. काउंटरवर प्रिस्क्रिप्शन घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षं पाहिलेलं असेल तर हे वाचताना मान आपोआप डोलते. गणिताची भीती बाळगू नका. बारावीचं गणित आणि एक्सेलचा सराव पुरतो.

कोर्सचा खरा कस लागतो मॉडेलिंगमध्ये. मी सगळ्यात जास्त शिकले ते तिथेच. 1997 साली प्रसिद्ध झालेलं एचआयव्हीचं एक मॉडेल आम्हाला एक्सेलमध्ये पहिल्यापासून बांधायला लावलं. प्रश्न असा: एचआयव्हीवरच्या दोन औषधांपैकी नुसती झिडोव्हुडिन द्यावी, की सोबत लॅमिव्हुडिनही? पेशंटच्या चार अवस्था: सीडी4 (रोगाशी लढणाऱ्या) पेशी 200 ते 500, 200 च्या खाली, एड्स आणि मृत्यू. दरवर्षी किती जण एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जातात ते मांडायचं, प्रत्येक अवस्थेचा खर्च जोडायचा आणि वीस वर्षं पुढे चालवायचं. लॅमिव्हुडिनचा वर्षाचा खर्च सुमारे 2086 पौंड. उत्तर येतं: आयुष्याचं एक जादा वर्ष मिळवायला 6276 पौंड.

शिक्षक इथे थांबले. मी त्याच शीटमध्ये किमती बदलून पाहिल्या, कारण 2001 साली मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचं मिश्रण वर्षाला 350 डॉलरला देऊ केलं होतं हे प्रत्येक फार्मासिस्टला माहीत असतं. लॅमिव्हुडिनची किंमत उतरवली की उत्तर झपाट्याने खाली येतं. पण ती शून्य केली तरी उत्तर शून्यावर येत नाही, कारण माणूस जास्त जगला की त्याच्या बाकीच्या उपचारांचा खर्चही चालू राहतो. औषध "स्वस्त" आहे का आणि औषध "परवडतं" का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे मला त्या संध्याकाळी पक्कं समजलं. आता खरेदी समितीत नवं औषध आलं की एमआरपीच्या आधी मी विचारते, हे घेतलं तर याच पैशातलं दुसरं काय सुटणार?

क्वाली, म्हणजे आयुष्याची वर्षं त्यांच्या दर्जाने गुणून मोजणं, हा भाग मात्र मनाला टोचतो. हालचाल, स्वतःची निगा, रोजची कामं, वेदना आणि चिंता या पाच बाबींवरून तब्येतीला गुण देतात. कोणत्या त्रासाला किती गुण कमी करायचे, हे 1993 मध्ये ब्रिटनच्या सुमारे तीन हजार लोकांना विचारून ठरलं होतं. उकिडवं बसून भांडी घासणाऱ्या बाईच्या गुडघ्याचं मोल त्या उत्तरांतून कसं कळणार? भारतीय लोकांच्या उत्तरांवरून बनवलेला तक्ता 2022 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. असाइनमेंटमध्ये तोच वापरा, परीक्षक आनंदाने मान्य करतात. तसंच 'नाइस' ही, कोणते उपचार सरकारी खर्चाने द्यावेत हे सांगणारी ब्रिटनची संस्था कित्येक वर्षं एका क्वालीला 20 ते 30 हजार पौंडांची मर्यादा धरत आली, ती रुपयांत बदलून इथे लावण्यात काहीच अर्थ नाही. पुढच्या वर्षांचा खर्च आणि फायदा आजच्या मोलात आणताना ब्रिटन दरवर्षी साडेतीन टक्क्यांनी घटवतं, आपल्याकडे 2017 मध्ये सुरू झालेल्या एचटीएइनच्या (उपचार पैशांच्या मानाने योग्य आहेत का हे तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) पद्धतीत तीन टक्के धरतात. खर्चाचे भारतीय आकडे हवे असतील तर चंदीगडच्या पीजीआयने जमवलेली माहिती आधी पाहा. आयुष्मान भारतचे पॅकेज दर सुधारताना तसाच अभ्यास कामी आला होता.

तक्रार एकच, पण मोठी. असाइनमेंटवरचे शेरे फार उशिरा येतात, कधी कधी पुढची असाइनमेंट दिल्यानंतर. एवढी फी घेऊन हे चालू नये, आणि मी ते लेखी कळवलं आहे. सरकारी किंवा प्राध्यापकीची नोकरी डोळ्यांसमोर असेल, तर परदेशी ऑनलाइन पदवीची समकक्षता पैसे भरण्याआधी तपासा.

माझा प्रबंध गरोदरपणातल्या ॲनिमियावर आहे. शिरेतून लोह देण्याच्या दोन औषधांची तुलना आहे. आयर्न सुक्रोजची बाटली स्वस्त, पण त्यासाठी पुन्हा पुन्हा यावं लागतं. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज महाग, पण 1000 मिलिग्रॅम एकाच वेळी पंधरा मिनिटांत देता येतं. 'नाइस'च्या नियमाप्रमाणे फक्त आरोग्य आणि सामाजिक सेवांचा खर्च धरला, तर मुळशीहून येणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी, एसटीचं भाडं आणि सोबत आलेल्या सासूचा दिवस हिशेबात येतच नाही. मी दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडणार आहे. प्रस्ताव मंजूर झाला आहे, आणि वॉर्डातल्या सिस्टरांबरोबर एका सलाइनमागे त्यांची किती मिनिटं जातात त्याची नोंद सुरू केली आहे.