सुझनच्या नावावर कॉसमॉस

कोथरूडमधील आमच्या गच्चीवर सकाळी आठपासून सायंकाळी पाचपर्यंत थेट ऊन असते. त्यामुळे भर उन्हात फुलणारी ब्लॅक-आयड सुझन, म्हणजे पिवळ्या पाकळ्यांची आणि मध्ये गडद तपकिरी बोंड असलेली रुडबेकिया, तेथे लावावी असे बरेच दिवस मनात होते. समाजमाध्यमावरील एका जाहिरातीत तिच्या दोनशे बियांचे पाकीट ३४९ रुपयांना दिसले आणि कसलीही चौकशी न करता मी पैसे आगाऊ भरले.

पाकीट उघडले तेव्हाच खरे तर संशय यायला हवा होता. बिया तपकिरी, सुईसारख्या, जवळपास दोन सेंटिमीटर लांब होत्या आणि त्यांची काटेरी चोच सदऱ्याच्या बाहीला अडकत होती. रुडबेकियाचे बी काळे आणि जेमतेम दोन मिलिमीटरचे असते. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून ते पुरायचे नसते, मातीवर नुसते दाबायचे असते, हे मी वाचलेले होते. तरीही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्या लांबलचक बिया मी मातीवर निमूटपणे आडव्या मांडल्या. वाचलेल्याची समोरच्या वस्तूशी गाठ न घालणे ही माझी जुनी खोड आहे.

रोपांना झेंडूसारखी कातरलेली पाने फुटली. रुडबेकियाचे पान अखंड आणि लवेमुळे खरखरीत असते. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर "काका, पुण्याच्या हवेत पान असेच येते" असे उत्तर आले. नोव्हेंबरअखेर नारिंगी फुले उमलली, मधला भागही पिवळाच. शेजारच्या वहिनी कठड्यापलीकडूनच म्हणाल्या, "अहो भाऊजी, हा तर कॉसमॉस! टेकडीवर फुकट उगवतो."

पुढची चूक अधिक महाग पडली. पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकल्यास रक्कम जमा होईल, असे सांगितले. यूपीआयचा पिन आपल्या खात्यातून पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही. पण रागाच्या भरात मी तो टाकला आणि आणखी ३,४९० रुपये गेले.

लगेच १९३० वर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवली. पैसे अद्याप आलेले नाहीत. बियांबद्दलची तक्रार लिहिताना कळले की पाकिटावर ना विक्रेत्याचे नाव आहे, ना लॉट क्रमांक, ना उगवणक्षमता. आहे तो केवळ सुझनचा रंगीत फोटो. कॉसमॉस बी धरण्यापूर्वीच उपटून टाकला. उरलेल्या चार बिया त्या पाकिटासह पुराव्यासाठी जपून ठेवल्या आहेत.