स्टिकर लावावा की पेंटर बोलवावा?

बैठकीच्या भिंतीवर जंगलाचं मोठं चित्र पाहिजे, असं आमच्या घरात ठरलं तेव्हा दोनच पर्याय होते. मागे गोंद असलेला, 'हवा तेव्हा काढा' म्हणून विकतात तो स्टिकर ऑनलाइन मागवायचा, नाहीतर गावातल्या पेंटरला सांगायचं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमच्या घरी आधी स्टिकर झाला, मग पेंटर. बहिणीच्या भाड्याच्या खोलीत पुन्हा स्टिकर. तिन्ही वेळचा अनुभव सारखा नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पहिला स्टिकर फेब्रुवारीत लावला. पश्चिमेची भिंत, वर जुना डिस्टेंपर. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, रात्री दोन वाजता चर्रर्र असा आवाज झाला. कोणी चादर फाडतंय असं वाटलं. लाइट लावून पाहतो तर वरचा कोपरा सुटून अख्खी पट्टी दिवाणावर लोंबत होती. मागून हात फिरवला तर पिठासारखा पांढरा थर. गोंद कुठंच कमी पडला नव्हता. त्यानं डिस्टेंपर घट्ट धरला होता, डिस्टेंपरनं मात्र भिंत सोडली होती.

त्यामुळे स्टिकर मागवण्याआधी भिंत तपासा. तळहात घासा. पांढरं लागलं तर विषय संपला. लागलं नाही तर पॅकिंगची टेप रात्री दाबून लावा आणि सकाळी खेचा. टेपेसोबत पुट्टीचा पापुद्रा आला, तर स्टिकर काढताना भिंतही सोबत येणार. जुन्या घरांत खालच्या अर्ध्या भिंतीला ऑइल पेंट असतो, त्यावर हा प्रकार छान बसतो. चांगला प्लास्टिक पेंटही चालतो, पण रंग ताजा असेल तर तीन-चार आठवडे थांबा. दिवाळीला रंग दिला तर डिसेंबरात लावा, तेव्हा हवाही कोरडी आणि थंड असते. मातीच्या, सारवलेल्या भिंतीचा तर प्रश्नच नाही.

आणखी एक अडचण आपल्याकडे हमखास असते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतींना तडे जातात. स्टिकर तडा झाकतो, थांबवत नाही. ओल असेल तर त्याहून वाईट. प्लास्टिकचा स्टिकर भिंतीला श्वास घेऊ देत नाही, आतल्या आत बुरशी धरते आणि बाहेरून हिरवंगार जंगल दिसत राहतं. कापडी प्रकार जरा बरा, पण ओल बुजवल्याशिवाय तोही लावू नका. कूलरच्या तोंडासमोरची भिंतही सोडा.

लावायला दोन माणसं लागतात. एकट्यानं करायला गेलो तर पट्टी स्वतःलाच चिपकली आणि वाया गेली. कोपऱ्यावर विश्वास ठेवू नका, आपल्याकडचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात. ओळंबा सोडून पेन्सिलीची उभी रेघ मारा आणि पहिली पट्टी त्या रेघेवर धरा. मागचा कागद वीतभरच सोला, वरून चिकटवा, मग एकजण कागद खाली ओढत जाईल आणि दुसरा मऊ कापड गुंडाळलेल्या एटीएम कार्डानं मधून कडेकडे हवा काढत येईल. पंखा बंद ठेवा. बोर्डाजवळ आलात की मेन स्विच पाडूनच कापाकापी करा. मागवताना चारी बाजूंनी दोन-तीन इंच जास्त घ्या. दहा बाय आठची भिंत म्हणजे 80 चौरस फूट, पण तेवढाच मागवला तर वाकड्या छताजवळ नक्की कमी पडतो.

काढताना घाई नको. हेअर ड्रायरनं कोमट करत, पट्टी भिंतीला जवळजवळ समांतर मागे दुमडत, सावकाश ओढायची. वर्षानुवर्षं उन्हात भाजलेला स्टिकर मात्र गोंद मागे ठेवून जातो.

आता पेंटर. आमचा पेंटर शाळेच्या भिंती रंगवतो, ट्रॅक्टरवर नावं टाकतो, लग्नसराईत दारांवर गणपती काढतो. त्यानं ताडोबाचा वाघ काढला. फोटोसारखा नाही. एका बाजूच्या मिशा दाट, दुसरीकडच्या विरळ. शेजारचे काकाजी पाहून म्हणाले, "वाघ आहे का बोका, काहून इतका हसून राहिला?" तरी तीन उन्हाळे झाले, हा वाघ उन्हानं सुटलेला नाही. पोट्ट्यांनी खडूनं रेघोट्या ओढल्या, त्या ओल्या फडक्यानं गेल्या. कोपऱ्यात तडा गेला तेव्हा पुट्टी भरून त्यानं तेवढंच पान पुन्हा रंगवलं. स्टिकरमध्ये ही सोय नाही. दर मात्र आधीच ठरवा, रोजीनं की अंगावर, म्हणजे अख्ख्या कामाचा मिळून. रोजीनं दिलं की वाघाला पट्टे वाढत जातात.

बहिणीचं वेगळं. ती शिक्षिका, बदलीची नोकरी. घरमालक खिळा ठोकू देत नाही, रंगाला तर हातच लावायचा नाही. तिच्या खोलीला ऑइल पेंट होता. तिथं कापडी स्टिकर लावला आणि बदली झाली तेव्हा अर्ध्या तासात काढला. भिंत जशी होती तशी राहिली. घर आपलं नसेल आणि टेप स्वच्छ निघत असेल, तर मी स्टिकरच सांगेन.

घर स्वतःचं असेल तर पेंटर. भिंत खराब आणि पेंटरचं चित्र नको, असं असेल तर स्टिकर प्लायवुडच्या फळीवर चिकटवा आणि मागे अर्ध्या इंचाच्या पट्ट्या ठोकून फळी टांगा. मागून हवा खेळते आणि घर रंगवायचं झालं की फळी उतरवून बाजूला ठेवता येते. उधई म्हणजे वाळवी असलेल्या घरात मात्र दर पावसाळ्यानंतर फळी उचलून मागची बाजू बघा.