श्रीहरिकोट्याला नेताना: 150-600 की 200-600?

पुण्याहून रेल्वेने चेन्नई, तिथून लोकलने सुल्लुरुपेट, आणि सगळं सामान पाठीवर. रॉकेट उड्डाण टिपायला निघालेले तरुण सहकारी हमखास विचारतात, लांबचं टिपणारी कुठली झूम लेन्स नेऊ? (आकडे मिलिमीटरमधल्या फोकल लेंथचे; आकडा मोठा, तितकं दृश्य जवळ.) मी दोन्ही वापरल्यात: झूम करताना नळी बाहेर येणारी 150-600 आणि लांबी न बदलणारी 200-600.

150-600 स्वस्त पडते, मिटवली की साध्या बॅगेत मावते. शिवाय 150 ला धूर, मनोरे, झाडी एकाच फ्रेममध्ये येतात आणि पहिल्या पानाला बऱ्याचदा तोच फोटो लागतो. 600 च्या टोकाला दोघींत मला फारसा फरक दिसला नाही. सात किलोमीटरवरून 43.5 मीटर उंच एलव्हीएम-3 रॉकेट कॅमेऱ्याच्या सेन्सरवर जेमतेम पावणेचार मिलिमीटर उमटतं, आणि भर दुपारी तापलेली हवा तेही थरथरवते.

माझा कौल ठरला 14 जुलै 2023 ला. चांद्रयान-3 दुपारी 2:35 ला सुटलं. हाती 150-600, झूम 400 ला, फोकस पक्का करून रिंगला टेप. रॉकेट चढत गेलं तशी लेन्सची मान वर झाली आणि पुढची जड नळी आपल्याच वजनाने आत घसरू लागली. मला पत्ताच नाही. रॉकेट लहान होत होतं, पण ते लांब जातंय म्हणून, असंच वाटलं. रात्री फाइलींच्या नोंदी उघडल्या: 400, 370, 310. झूम सरकला की फोकसही हलतो. शेवटच्या सगळ्या फ्रेम सॉफ्ट, म्हणजे अस्पष्ट. ते उड्डाण परत होणार नव्हतं, याची रुखरुख अजून आहे.

त्या लेन्सला लॉक होतं, पण ते फक्त 150 लाच लागायचं. मग सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापून चढवला. नळी थांबली, पण झूम इतका घट्ट झाला की फिरवताना ट्रायपॉड हलायचा.

200-600 दोन किलोंच्या वर आहे, बॅगेत आडवी बसत नाही, आणि खिशालाही जड. तुमच्या 150-600 ची पकड घट्ट असेल तर कदाचित तिच्यावरही भागेल. तरी पैसे घालण्याआधी 200-600 भाड्याने घ्या, एक सकाळ भिगवणला जा आणि डोक्यावरून जाणारे फ्लेमिंगो टिपून बघा. लेन्स कितीही वर करा, झूमचा आकडा हलत नाही. धुराची फ्रेम हवीच असेल तर दुसऱ्या कॅमेऱ्यावर 70-200 लावा.