घरी बिअर करण्याचा संच: पहिल्या २३ लिटरांचा अनुभव

गेल्या जानेवारीत मी इंग्लंडमधील रेडिंग येथील आमच्या घरी पहिल्यांदा बिअर तयार केली आणि फेब्रुवारीत ती बाटल्यांत भरली. त्यासाठी दोन गोष्टी विकत घेतल्या होत्या. पहिली म्हणजे कूपर्स या ऑस्ट्रेलियन कंपनीचा ‘रिअल एल’ या प्रकारचा १.७ किलोचा डबा आणि दुसरी म्हणजे जवळच्या एका दुकानातून आणलेला नवशिक्यांसाठीचा साहित्यसंच. माझे मत आधीच सांगतो. डबा उत्तम आहे आणि नवशिक्याने निःशंक मनाने तो घ्यावा. साहित्यसंच कामापुरता चांगला आहे, पण त्यासोबत आलेल्या माहितीपत्रकावर जसेच्या तसे विसंबून राहू नये.

येथे स्वतःच्या घरी पिण्यापुरती बिअर करण्यास १९६३ पासून परवाना लागत नाही. विक्री मात्र करता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्य तयार करता येत नाही. त्यामुळे, जेथे कायद्याने मुभा आहे तेथे राहणाऱ्या मराठी वाचकांसाठीच हा अनुभव आहे.

डब्यात मोड आणून वाळवलेल्या सातूचा, म्हणजे माल्टचा, आटवलेला अर्क असतो. तो काकवीसारखा दाट आणि गडद असतो आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा त्यात आधीच उतरवलेला असतो. धान्य भिजवणे, ठरावीक तापमानाला त्यातील पिष्टाची साखर होऊ देणे, मग हॉप्स घालून तासभर उकळणे ही सर्वांत कठीण कामे कारखान्यात झालेली असल्यामुळे आपल्याकडे उरते ते पातळ करणे, आंबवणे आणि भरणे. यीस्टची पुडी डब्याच्या वरच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली असते. सोबत १ किलो साखर घालावी लागते. मी साधी साखर न घेता अर्धा किलो द्राक्षशर्करा आणि अर्धा किलो कोरडी माल्ट पावडर घेतली. नुसत्या साखरेने अल्कोहोल मिळते, पण बिअर पाणचट लागते. माल्टमुळे तिला अंग येते आणि त्यासाठी लागलेले जास्तीचे दोन-तीन पौंड पूर्णपणे सार्थकी लागले.

साहित्यसंचात तळाशी तोटी असलेला झाकणाचा पिंप, आतला वायू बाहेर सोडणारा पण बाहेरची हवा आत न येऊ देणारा एअरलॉक, द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर, बाहेरून चिकटवायची तापमानाची पट्टी, लांब दांड्याची पळी, बाटल्यांना पत्र्याची झाकणे बसवण्याचे दोन दांड्यांचे यंत्र आणि न धुता चालणारे निर्जंतुकीकरणाचे द्रावण एवढे साहित्य होते. या शेवटच्या वस्तूचे महत्त्व मला पुरेपूर पटले. लोणचे घालण्यापूर्वी आजी बरणी उन्हात कडकडीत वाळवून तिला हिंगाची धुरी देत असे आणि ओला हात कोणालाही लावू देत नसे. येथेही तसेच सोवळे पाळावे लागते. आंबवण्याआधीच्या त्या गोड पाण्यात यीस्टइतक्याच आनंदाने इतर जंतूही वाढतात. म्हणून उकळते पाणी ओतून झाल्यानंतर जी वस्तू त्याला लागेल ती निर्जंतुक असलीच पाहिजे. नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे बिअरला औषधी वास येऊ शकतो, म्हणून मी आदल्या रात्री पाण्यात मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी विरघळवून ठेवली होती.

चूक झाली ती तापमानाची. दुकानाच्या पत्रकात लिहिल्याप्रमाणे मी डब्यातील अर्क २ लिटर उकळत्या पाण्यात विरघळवला आणि वरून थंड पाणी घालून २३ लिटरची खूण गाठली. जानेवारीतील इंग्लंडचे नळाचे पाणी किती गार असते याचा विचार त्या पत्रकात नव्हता आणि मीही केला नाही. पट्टीवर १५ अंश सेल्सिअस दिसत असतानाच मी यीस्ट टाकले. या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. त्यातच आमचे स्वयंपाकघर रात्री १४ अंशांपर्यंत उतरते. पत्नी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “थंडीत माझे इडलीचे पीठ दोन-दोन दिवस वर येत नाही, तुझे हे कसे येणार?” तिचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले. तिसऱ्या दिवशी थोडा फेस आला, एअरलॉकमधून मधूनमधून बुडबुडे आले आणि सहाव्या दिवशी सर्व शांत झाले.

पत्रकात स्पष्ट लिहिले होते की बुडबुडे थांबले की सातव्या दिवशी बाटल्या भराव्यात. मी हायड्रोमीटर वापरला नसता तर तसेच केले असते, आणि ते धोक्याचे ठरले असते. साखर विरघळलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असते. यीस्ट साखर संपवत जाते तसतसा द्रव हलका होतो आणि काचेची ही तरंगती नळी त्यात अधिकाधिक खोल बुडते. पहिल्या दिवशी माझे वाचन १.०३९ होते. सातव्या दिवशी ते १.०२० होते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश काम शिल्लक होते. अशा अवस्थेत बाटली बंद केली तर उरलेली साखर आत आंबत राहते, वायूला बाहेर पडण्यास जागा मिळत नाही आणि काच फुटते. म्हणून नवशिक्याला माझे कळकळीचे सांगणे आहे की बुडबुड्यांवर भरवसा ठेवू नये, कारण झाकण किंचित सैल असले तरी ते थांबतात. वाचन सलग तीन दिवस एकच आले, तरच आंबणे पूर्ण झाले असे समजावे.

मी पिंप दिवाणखान्यात आणला, आईने जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी त्याला गुंडाळली आणि तळाचे यीस्ट वर यावे म्हणून पिंप हलकेच गोल फिरवला. दोन दिवसांत पट्टीवर २० अंश आले आणि बुडबुडे पुन्हा सुरू झाले. सोळाव्या, सतराव्या आणि अठराव्या दिवशी वाचन १.०१० होते. दोन वाचनांतील फरकाला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे प्रमाण साधारण कळते. ते सुमारे ३.८ टक्के आले. याच काळात पिंपाची तोटी थेंब-थेंब गळत असल्याचे लक्षात आले. आतील रबरी चकती नीट बसत नव्हती. दुकानाने दुसरी तोटी विनातक्रार दिली, पण भरलेल्या पिंपाची तोटी बदलता येत नसल्याने तिच्याखाली वाडगा ठेवूनच मला ते दिवस काढावे लागले. पिंप घरी आणताच आधी साध्या पाण्याने भरून एक रात्र ठेवावा.

बाटल्या भरण्याच्या दिवसाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक श्रम त्याच दिवशी पडतात आणि साहित्य निवडताना नेमका त्याचाच विचार होत नाही. अर्ध्या लिटरच्या तपकिरी बाटल्या मी तीन महिने जमवत होतो आणि धुण्याच्या सोड्यात भिजवून त्यांवरचे कागद काढले होते. तपकिरी रंगाचा आग्रह हौसेचा नाही. उजेडाने हॉप्समधील कडू द्रव्ये बिघडून बिअरला उग्र दुर्गंध येतो आणि हिरवी किंवा पांढरी काच तो उजेड पुरेसा अडवत नाही. प्रत्येक बाटलीत ४ ग्रॅम साखर घालायची असते. उरलेले यीस्ट ती खाऊन बंद बाटलीत वायू तयार करते आणि बिअरला फेस येतो तो त्यामुळेच. चमच्याने ४ ग्रॅम अचूक येत नाहीत, म्हणून मी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर मोजून घातली.

संचात नसलेली एकच वस्तू मी वेगळी घेतली आणि ती सर्वांत उपयोगी ठरली. तोटीला जोडायची ही एक ताठ नळी असते आणि तिच्या टोकाशी झडप असते. नळी बाटलीच्या तळाला टेकवली की धार सुरू होते, उचलली की थांबते. बाटली खालून वर भरत येते, हवा मिसळत नाही आणि नळी बाहेर काढताच वर हवी तेवढी रिकामी जागा आपोआप उरते. आंबलेल्या बिअरला हवा लागली तर तिला पुठ्ठ्यासारखी शिळी चव येते, म्हणून ही नळी सोयीपेक्षा अधिक काही आहे. दोन दांड्यांचे यंत्र मात्र मला मध्यम वाटले. रुंद मानेच्या बाटल्यांवर त्याची पकड बसत नाही आणि दोन बाटल्यांचे तोंड माझ्या हातून फुटले. ज्यांना हे काम नियमित करायचे आहे त्यांनी टेबलावर उभे राहणारे यंत्र घ्यावे. गाळ तळाशी सोडून माझ्या ४२ बाटल्या झाल्या आणि त्याला धुण्यापासून मांडणीपर्यंत साडेचार तास लागले.

भरलेल्या बाटल्या दोन आठवडे घरातील उबेत आणि नंतर जिन्याखालच्या थंड, अंधाऱ्या कप्प्यात ठेवल्या. आठव्या दिवशी उत्सुकतेपोटी एक उघडली. फेस जेमतेम होता आणि चव कच्च्या सफरचंदासारखी होती. तो बिघाड नव्हता. कोवळ्या बिअरमध्ये असे होते आणि यीस्ट पुढे ते द्रव्य स्वतःच पचवते. तिसऱ्या आठवड्यात ती चव जवळजवळ गेली होती. सहाव्या आठवड्यात उघडलेली बाटली ताम्रवर्णी आणि नितळ होती, फेस बोटभर उंचीचा आणि टिकणारा होता, माल्टचा खरपूस गोडवा आधी आणि हॉप्सचा सौम्य कडवटपणा नंतर जिभेवर येत होता. भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर ती मला फार आवडली. ओतताना मात्र बाटली एकाच संथ ओघात रिकामी करावी आणि तळाचा शेवटचा बोटभर भाग आतच राहू द्यावा, नाहीतर गाळ पेल्यात उतरतो.

डबा, साखर, माल्ट पावडर आणि झाकणे मिळून मला सुमारे ३० पौंड खर्च आला. साहित्यसंच वेगळा, पण तो पुन्हा घ्यावा लागणार नाही. याच डब्याची दुसरी खेप मी मे महिन्यात करणार आहे. तेव्हा नळाचे पाणी इतके गार नसेल. तरी या वेळी थंड पाणी ओतण्याआधी पट्टी वाचेन आणि २० अंश येईपर्यंत यीस्टची पुडी फोडणार नाही.