परदेशातली मोफत सल्लागारी: बडोद्याहून अर्ज करणाऱ्यांसाठी कंपनी-योजनांचं परीक्षण

मकरपुऱ्यातली असो, सावली तालुक्यातली असो की शहरातल्या एखाद्या आयटी इमारतीतली, बहुराष्ट्रीय कंपनीत नोकरी असली की वर्षातून एकदा इंट्रानेटवर ही जाहिरात दिसते: चार आठवडे आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत किंवा आग्नेय आशियात जा, तिथल्या एखाद्या सामाजिक संस्थेला आपलं व्यावसायिक कौशल्य फुकट द्या, खर्च सगळा कंपनीचा. फोटोत टी-शर्ट घातलेला कर्मचारी आणि भोवती शाळेतली हसरी मुलं असतात. प्रत्यक्षात मुलं क्वचितच भेटतात. दिवस जातो तो पंख्याखालच्या खोलीत, दुसऱ्याने भरलेल्या एक्सेल फायली आणि हाताने लिहिलेली रजिस्टरं जुळवण्यात. हे मान्य असेल तरच पुढे वाचावं.

या योजनांचा साचा साधारण पंधरा-वीस वर्षांत पक्का झाला. औषध कंपनी फायझरने 2003 मध्ये आरोग्य संस्थांकडे कर्मचारी काही महिन्यांसाठी पाठवायला सुरुवात केली. आयबीएमची कॉर्पोरेट सर्व्हिस कोअर 2008 ची. पहिल्या वर्षी घाना, टांझानिया, रोमानिया, तुर्कस्तान, व्हिएतनाम आणि फिलिपिन्स इथे तुकड्या गेल्या. जीएसके या औषध कंपनीने 2009 मध्ये तीन आणि सहा महिन्यांची योजना आणली, सॉफ्टवेअर कंपनी सॅपने 2012 मध्ये 'सोशल सबॅटिकल'. आज जी चार आठवड्यांची, दहा-पंधरा जणांची तुकडी सर्रास दिसते, ती या आयबीएम-सॅप घराण्यातली. वेगवेगळ्या देशांतले कर्मचारी एका शहरात उतरतात, तीन-चार जणांचा गट एका यजमान संस्थेला मिळतो, आणि मधली सगळी जुळवाजुळव (संस्था शोधणं, हॉटेल, दुभाषे, सुरक्षा) एक मध्यस्थ संस्था करते. योजना कंपनीच्या नावाने ओळखली जाते, पण तुमचे चार आठवडे चांगले जाणार की वाईट, हे बरंचसं या मध्यस्थावर ठरतं.

पैसा कुठल्या खात्यातून येतो

परीक्षणाची सुरुवात इथूनच करायला हवी. भारतात अनेकांची समजूत असते की हा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर करायचा खर्च. तसं नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खालच्या नियमांनुसार भारताबाहेर केलेलं काम सीएसआरमध्ये मोजता येत नाही (अपवाद आहे तो खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा). कर्मचाऱ्यांनी दिलेल्या मोफत वेळेची किंमत लावून ती सीएसआरसाठी द्यायच्या नफ्याच्या दोन टक्क्यांत दाखवायलाही मनाई आहे. म्हणजे विमानभाडं, हॉटेल आणि मध्यस्थाची फी निघते ती बहुधा एचआरच्या नेतृत्व-प्रशिक्षणाच्या बजेटमधून.

बाकीचं बरंच काही यातून उलगडतं. निवडीत वरची श्रेणी, किमान दोन-तीन वर्षांची नोकरी आणि मॅनेजरची लेखी संमती का लागते? कारण कंपनी भावी मॅनेजर घडवते आहे. परतल्यावरच्या प्रश्नावलीत 'तुमचा आत्मविश्वास वाढला का' यावर डझनभर प्रश्न, आणि यजमान संस्थेत सहा महिन्यांनी काय उरलं यावर एखादाच, तोही याच कारणाने. यात लपवाछपवी काही नाही, फक्त हिशेब कोणाच्या वहीत लिहिला जातो ते ठाऊक असावं. कर्मचारी म्हणून तुमचा फायदा जवळजवळ नक्की आहे. संस्थेचा फायदा मात्र मुद्दाम घडवून आणावा लागतो, आणि तो घडवायचे दिवस प्रवासाच्या आधीचे असतात.

चार आठवड्यांत काय मावतं

पहिला आठवडा ओळखी, मुलाखती आणि कागद पाहण्यात जातो. दुसऱ्याच्या शेवटी संस्थेसमोर मधला आढावा होतो. खरं काम बाहेर येतं ते इथे, कारण संस्थेने पत्रात लिहिलेली अडचण आणि खरी अडचण वेगळी आहे हे तोवर सगळ्यांना कळलेलं असतं. तिसऱ्यात काहीतरी बांधायचं. चौथ्याचे पहिले तीन दिवस शिकवण्याचे, उरलेले सादरीकरण आणि निरोपाचे. सुट्ट्या, वीज जाणं आणि संचालकांचा दौरा वजा केला तर हातात बारा-तेरा कामाचे दिवस राहतात. तेवढ्यात निदान होतं, एखादं साधन तयार होतं, दोन माणसं शिकतात. 'पंचवार्षिक व्यूहरचना' होत नाही. तरी सर्वांत जास्त मागणी तिलाच असते, कारण देणगीदारांना दाखवायला ती बरी पडते.

म्हणून कामाचा मसुदा हातात आला की त्यातली क्रियापदं पाहावीत. 'मार्केटिंग क्षमता बळकट करणे' असं लिहिलं असेल तर धोका आहे. 'चौदा दवाखान्यांच्या औषधसाठ्यासाठी मागणी कधी आणि किती नोंदवायची याचा तक्ता बनवणे, दोन भांडारपालांना तो चालवायला शिकवणे' हा चालणारा मसुदा. वस्तू कोणती, वापरणार कोण आणि किती जण, तिन्ही गोष्टी त्यात आल्या. यांपैकी एखादी जरी नसेल तर तयारीच्या कॉलवरच मागून घ्यावी. तिथे पोहोचल्यावर मागितली तर पहिला आठवडा त्यातच जातो.

औषधसाठ्याचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण हुशार माणसंही इथे चुकतात. सूत्र सोपं: महिन्याचा खप गुणिले (पुरवठा यायला लागणारे महिने अधिक राखीव महिने). एका गोळीच्या 300 पट्ट्या महिन्याला लागतात, माल यायला दोन महिने, राखीव एक, तर साठा 900 वर आला की मागणी नोंदवायची. पण रजिस्टरमधला 300 हा आकडा आला कुठून? त्या महिन्यात दहा दिवस कपाट रिकामं असेल तर 300 पट्ट्या वीसच दिवसांत गेल्या. खरा खप 450, आणि मागणीची पातळी 1,350. कपाट रिकामं असल्याची नोंद बहुतेक रजिस्टरांत नसते, ती भांडारपालाच्या डोक्यात असते. जो गट पहिल्या आठवड्यात संचालकांच्याच खोलीत बसून राहतो, त्याचं साधन गणितात बिनचूक आणि कामात चूक निघतं. दिसायला सुंदर तक्ता असूनही कपाट पूर्वीइतकंच रिकामं राहतं, एवढंच की आता त्याला परदेशी सल्लागाराचा शिक्का असतो.

साधन कशावर बांधता तेही पाहावं. कंपनीच्या लॅपटॉपवर महागड्या लायसन्सचं सॉफ्टवेअर असतं. संस्थेकडे दोन जुने संगणक आणि बाकी सगळं मोबाईलवर. मॅक्रो घातलेली फाईल फोनवर उघडते पण चालत नाही. डॅशबोर्डचं मोफत चाचणी-खातं महिन्याभरात बंद पडतं, म्हणजे तुम्ही घरी पोहोचता पोहोचता. साधी शीट, रंगीत तीन रकाने आणि भिंतीवर लावायचा छापील कागद, हे दिसायला गरीब वाटतं पण टिकतं. रुग्णांची नावं असलेली माहिती कंपनीच्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ नये. संस्थेच्या खात्यातच काम करावं आणि तयार झालेल्या वस्तूची मालकी कोणाची, हे मसुद्यात लिहून घ्यावं.

मागे राहणारा माणूस

इतकं सगळं जमलं तरी काम टिकतं एका माणसावर: संस्थेतला तो कर्मचारी, जो तुमच्यासोबत रोज अर्धा दिवस बसतो आणि तुम्ही गेल्यावर फाईल उघडतो. बडोद्याच्या वाचकाला हे दूरचं वाटू नये. 1910 मध्ये सयाजीराव महाराजांनी राज्यातल्या ग्रंथालयांची घडी बसवायला अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना आणलं. मोफत नव्हे हो, पगार देऊन. बोर्डेन तीनेक वर्षं राहिले, इथल्या लोकांसाठी ग्रंथपालनाचा प्रशिक्षणवर्ग चालवला, आणि 1913 मध्ये परतले. ते गेल्यावरही गावोगावची वाचनालयं वाढत राहिली, कारण ग्रंथालय चळवळीतल्या मोतीभाई अमीनांसारखी माणसं त्यात आधीपासून होती आणि नंतरही राहिली. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आजही त्याच काळाची आठवण देते. तज्ज्ञाला तीन वर्षं मिळाली तिथेही भिस्त मागे राहणाऱ्यांवर होती. चार आठवड्यांच्या योजनेत ती किती असेल!

तेव्हा तयारीच्या कॉलवर विचारायचा पहिला प्रश्न: आमच्यासोबत कोण बसणार, आणि त्या महिन्यात त्यांचं नेहमीचं काम कोण करणार? दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर मिळालं नाही तर समजावं की कोणी बसणार नाही. यजमानासाठी ही सेवा फुकट असते असं म्हणतात, ते अर्धंच खरं. समजा बारा जणांच्या दीड-दीड तासाच्या मुलाखती झाल्या, म्हणजे अठरा तास. सोबत बसणाऱ्याचे चार आठवडे अर्धवेळ, म्हणजे ऐंशी तास. शिवाय कागद शोधून देणारा, दुभाष्याचं काम अंगावर पडलेला. पंधरा माणसांच्या संस्थेला हे जड जातं. तिची एरवीची कामं त्या महिन्यात मागे पडतात, आणि भिडेपोटी कोणी बोलत नाही. मध्यस्थ चांगला असेल तर संस्थेला हा हिशेब आधीच दाखवतो. नसेल तर तुम्ही दाखवावा.

बडोद्याहून निघताना

तयारीचे कॉल साधारण दोन-तीन महिने, आठवड्याला एक. घानाचं घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास, केनियाचं अडीच, ब्राझीलच्या साओ पावलोचं साडेआठ. त्यामुळे तिथले सकाळचे दहा म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा. फिलिपिन्स आपल्या अडीच तास पुढे. गटात युरोप आणि अमेरिकेचे लोक असले की कॉल रात्रीवर जातो, हे घरी आधीच सांगून ठेवावं.

व्हिसाचा प्रकार कंपनीच्या कायदा विभागाकडून लेखी घ्यावा. काम मोफत असलं तरी ते काम असतं, आणि पर्यटक म्हणून उतरून संस्थेत लॅपटॉप उघडून बसणं अनेक देशांत चालत नाही. केनियाने 2024 पासून व्हिसाच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी सुरू केली. ती मिळाली म्हणजे तिथे काम करायची मुभा मिळाली असं मात्र नाही.

पीतज्वराची लस सर्वांत जास्त जणांना अडवते. ती फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते, ठरलेल्या दिवशीच, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतं. 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. पीतज्वर असलेल्या देशातून ते नसताना भारतात परत आलात तर सहा दिवस विलगीकरणात ठेवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. हिवतापाच्या गोळ्या निघण्याआधीपासून परत आल्यानंतरही काही काळ घ्यायच्या असतात. घरी आल्यावर त्या सोडून देणारे बरेच.

विमा पाहताना आजाऱ्याला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात आहे का आणि मोटारसायकल-टॅक्सी वगळली आहे का, एवढं वाचलं तरी चालेल. पूर्व आफ्रिकेत बोडा-बोडाशिवाय पान हलत नाही आणि अनेक कंपन्यांचे नियम तिच्यावर बसायलाच मनाई करतात. आंतरराष्ट्रीय विमानासाठी मुंबई किंवा अहमदाबाद गाठावं लागतं, तो अर्धा दिवस धरावा. खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाला घानात भात, तळलेली केळी आणि चवळीची उसळ मिळते. सेव-उसळीची सय येईल, पण भागतं. सोबत मेतकूट आणि थेपले असावेत.

कोणती निवडावी

तीन ते सहा महिन्यांची जागा मिळत असेल आणि घरची परवानगी असेल तर तीच घ्यावी. कामाच्या दृष्टीने ती चार आठवड्यांच्या कित्येक पट चांगली, कारण आपण बांधलेलं मोडताना पाहून ते दुरुस्त करता येतं. तोटा नोकरीतला: मागे तुमची जागा दुसरा भरतो आणि वार्षिक मूल्यांकन अर्धवट होतं. परतल्यावर पद कोणतं, हे जाण्याआधी ईमेलवर हवं.

घरबसल्या करायचे पर्यायही कमी नाहीत. संयुक्त राष्ट्रांची ऑनलाइन स्वयंसेवा आहे. टाटा समूहातल्यांसाठी 2014 पासून प्रोएंगेज आहे, एक ते सहा महिन्यांचं अर्धवेळ काम, तेही भारतातल्या संस्थांसोबत. वेबसाइट, हिशेब, माहितीची साफसफाई यांना ते पुरतं. भांडारपालाच्या डोक्यातलं मात्र व्हिडिओ कॉलवर बाहेर येत नाही.

परदेशाच्या अर्जाआधी बडोद्यातल्याच एखाद्या संस्थेचं छोटं काम मसुदा, सोबती आणि हँडओव्हर या तिन्ही गोष्टींसह पूर्ण करून पाहावं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या समाजकार्य शाखेकडे विचारलं तर शहरातल्या संस्थांची ओळख होऊ शकते. निवड समितीलाही हे निबंधापेक्षा पटतं.

गुण द्यायचेच तर चार आठवड्यांच्या योजनेला कर्मचाऱ्याच्या बाजूने पाचपैकी साडेचार आणि संस्थेच्या बाजूने अडीच. पक्का मसुदा आणि ठरलेला सोबती असेल तर अडीचचे साडेतीन.

एक कलम बहुतेक योजनांत नसतं, ते अर्जातच मागून घ्यावं: परतल्यावर सहा महिने, महिन्याला दोन तास, ऑफिसच्या वेळेत यजमान संस्थेच्या शंकांसाठी. मॅनेजरची सही त्यावर निघण्याआधी मिळते. परत आल्यावर तिमाहीचं टार्गेट समोर असताना मिळत नाही.